बंद रस्त्यावरची टीटी आणि तिचे चाहते

नवतपा लागला की नागपूरचे रस्ते दुपारी आपोआप ओस पडतात. त्याच पंधरवड्यात इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातल्या एका बेटावर रस्ते मुद्दाम रिकामे केले जातात. मे संपत आला की या आइल ऑफ मॅनवर टुरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी, ही मोटरसायकलींची शर्यत सुरू होते. तिथला संध्याकाळी साडेसहाचा सराव आपल्याकडे रात्री अकराला पडतो. जुनी राजदूत ३५० नाहीतर आरएक्स १०० जिवापाड जपणारे आम्ही काही जण तेव्हा गच्चीवर कूलर ओढतो आणि मोबाइल लावून बसतो. घरचे दरवर्षी एकच विचारतात, ज्यात माणसं मरतात ती शर्यत बघता कशाला? प्रश्न रास्त आहे. या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त स्वारांचे जीव गेले आहेत, आणि २०२२ च्या एकाच टीटीत सहा जण गेले. या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून थोडं मागे जावं लागतं.

मोटारी नव्या होत्या तेव्हा शर्यती एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणाऱ्या साध्या रस्त्यावर व्हायच्या. १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद शर्यत निघाली. रस्ता धुळीचा, बघे रस्त्याच्या मधोमध उभे, पुढचं काही दिसत नव्हतं. स्वार मेले, बघेही मेले, आणि फ्रेंच सरकारने बोर्दोलाच शर्यत थांबवली. ब्रिटनमध्ये तर त्याच वर्षीच्या कायद्याने वेगाची कमाल मर्यादा ताशी २० मैल ठरली होती आणि शर्यतीसाठी रस्ता बंद करायला तिथलं पार्लमेंट तयार नव्हतं. आइल ऑफ मॅनचं मात्र स्वतःचं विधिमंडळ आहे, टिनवाल्ड. १९०४ मध्ये टिनवाल्डने कायदा करून रस्ता बंद ठेवण्याची परवानगी दिली. आधी मोटारी आल्या, मागोमाग मोटरसायकली.

पहिली टीटी २८ मे १९०७ ला झाली. साधारण २५ किलोमीटरच्या दहा फेऱ्या, मध्ये दहा मिनिटांची सक्तीची विश्रांती आणि पेट्रोलवर मर्यादा. गाडी पळते किती आणि पिते किती, दोन्ही बघायचं होतं. एका सिलिंडरच्या गटात मॅचलेसवर चार्ली कॉलियर जिंकला, सरासरी ताशी जेमतेम ६१ किलोमीटर. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलर जिंकला. त्याची गाडी नॉर्टन होती, इंजिन प्यूजोचं.

पुढच्याच महिन्यात इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक उघडला. खास शर्यतीसाठी बांधलेला, वळणांवर काँक्रीटचा चढ दिलेला. मला इथेच दोन वाटा फुटलेल्या दिसतात. एक वाट बांधीव ट्रॅककडे गेली आणि तिच्यावरच पुढे जगातलं जवळजवळ सगळं रेसिंग आलं. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमला जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, मग श्रीपेरुंबुदूरजवळ ट्रॅक झाला आणि २०२३ मध्ये ग्रेटर नोएडात मोटोजीपी आली. ही सगळी त्याच वाटेची गावं. दुसरी वाट गावातून, दगडी भिंतींच्या कडेने, चर्चच्या दारावरून जात राहिली. टीटी त्या वाटेवर राहिली.

१९११ मध्ये शर्यत डोंगरावर नेली. सध्याची एक फेरी ६०.७ किलोमीटरची आहे, दोनशेच्या वर वळणं आणि स्नेफेल डोंगराचा खांदा ओलांडून परत. सुरुवातीला डोंगरावरचा रस्ता कच्चा होता, मेंढरांसाठी फाटकं होती आणि सकाळी पहिल्या निघालेल्या स्वाराने ती उघडत जायची असं सांगतात. त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज गेला. या स्पर्धेतला तो पहिला बळी. डोंगरावरचा रस्ता आणि त्यावरचा मृत्यू एकाच वर्षी आले, हे चाहते विसरत नाहीत. सुरुवातीची रेषा डग्लस गावात ग्लेनक्रचरी रोडवर आहे. तिथे प्रेक्षकांच्या गॅलरीसमोर धावफलक आणि त्याच्या मागे गावाची दफनभूमी. जो बसतो त्याला दोन्ही दिसतात.

अंतर डोळ्यांसमोर यावं म्हणून आपलंच उदाहरण घेतो. नागपूरच्या झिरो माइलवरून निघून रामटेक गाठायचं आणि वर आणखी दहा-बारा किलोमीटर जायचं, ही एक फेरी. २०२३ मध्ये पीटर हिकमनने ती १६ मिनिटं ३६ सेकंदांत पूर्ण केली, सरासरी ताशी २१९ किलोमीटरने. सीनियर टीटी या मुख्य शर्यतीत अशा सहा फेऱ्या, म्हणजे जवळपास भोपाळपर्यंतचं अंतर.

हे बघण्याची रीतही निराळी आहे. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सुटतात. रस्त्यात जो पुढे दिसतो तोच जिंकतोय असं नसतं, लढत घड्याळाशी असते. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपल्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तसाच आहे. तळेगाव दशासरच्या पटात जोडीची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातातली काडी हलायच्या आत बघ्यांच्या तोंडून आकडा निघतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाला तेव्हा गावोगावच्या लोकांना काय वाटलं ते मी बघितलं आहे. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने या शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. बैलांच्या हालांबद्दलचे प्रश्न खरे होते, ते आजही विचारलेच पाहिजेत. पण धोका असलेल्या खेळावर लोकांचा जीव का जडतो, हे मला टीटीच्या आधी पटानेच दाखवलं.

टीटीचा बघ्या एका ठिकाणी बसला की एका फेरीत एक गाडी त्याच्यासमोरून एकदाच जाते, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग तो रेडिओ ऐकतो, पुढच्या टप्प्यावरच्या वेळा लिहून ठेवतो, मनातल्या मनात वजाबाकी करतो. बॅलॉ ब्रिजवर गाडीची दोन्ही चाकं सुटतात, ब्रे हिलच्या तळाशी ती घरांच्या मधून खाली दाबली जाते. बघ्या हात पुढे केला तर लागेल इतका जवळ बसलेला असतो. टीव्हीवर वेग सपाट दिसतो. तिथे बसलेल्यांच्या तोंडून ऐकलेलं एकच सांगतो, वेग आधी छातीत लागतो.

१९५७ मध्ये बॉब मॅकिन्टायरने जिलेरावर पहिल्यांदा ताशी १०० मैलांची फेरी मारली. १९५९ मध्ये होंडा आली आणि दोन वर्षांत जिंकली. टीटी तेव्हा जागतिक अजिंक्यपदाचा भाग होती, त्यामुळे ज्याला विजेतेपद हवं त्याला इथे यावंच लागे. ही सक्ती १९७२ मध्ये मोडली. ९ जूनला पावसात १२५ सीसीच्या शर्यतीत इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती गेला. त्याचा मित्र जाकोमो अगोस्तिनी, टीटी दहा वेळा जिंकलेला, पुन्हा इथे उतरला नाही. इतर मोठे स्वारही मागे झाले आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक दर्जा गेला.

अगोस्तिनीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. कुणालाही गुणांसाठी या रस्त्यावर ढकलणं योग्य नव्हतं. त्यानंतर इथे जो आला तो स्वतःच्या मर्जीने आला, आणि चाहत्याच्या प्रेमाला खरा अर्थ आला तो तिथून पुढे.

दर्जा गेला म्हणजे शर्यत संपली असंच सगळ्यांनी धरलं होतं. १९७८ मध्ये ३८ वर्षांचा माइक हेलवुड अकरा वर्षांनी परत आला आणि डुकाटीवर जिंकला. लोक बोटी भरभरून आले. ज्या शर्यतीला कुणी जागतिक मानत नव्हतं, ती जगली ती या लोकांमुळे. यातले पुष्कळ जण नुसते बघेही नाहीत. रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभे राहणारे मार्शल स्वयंसेवक असतात. सरावाला त्यांची संख्या पुरेशी नसेल तर रस्ता बंदच होत नाही. अनेक चाहते रजा काढून, पदरचे पैसे मोडून जातात आणि पडलेल्या स्वाराकडे सगळ्यात आधी तेच धावतात. रक्त बघायला आलेला माणूस हे करत नाही.

मग जोई डनलॉप. उत्तर आयर्लंडच्या बॅलिमनीचा, मितभाषी, स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणारा. टीटी २६ वेळा जिंकला, शेवटच्या तीन २००० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी. हंगाम नसताना व्हॅनमध्ये धान्य, कपडे भरून तो रोमानिया, बोस्नियातल्या अनाथ मुलांकडे एकटा जायचा. त्याच वर्षी २ जुलैला एस्टोनियात टॅलिनच्या ओल्या रस्त्यावर तो गेला. अंत्ययात्रेला सुमारे पन्नास हजार लोक आले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही. ज्या प्रांतात हे दोन समाज तीस वर्षं एकमेकांच्या जिवावर उठले होते, तिथे ते जोईच्या मागे एकत्र चालले. त्याचा भाऊ रॉबर्ट २००८ मध्ये नॉर्थ वेस्ट २०० या उत्तर आयर्लंडमधल्या रस्त्यावरच्या शर्यतीच्या सरावात गेला. दोनच दिवसांनी रॉबर्टचा मुलगा मायकेल त्याच रस्त्यावर उतरला आणि जिंकला. २०१८ मध्ये मायकेलचा भाऊ विल्यमही गेला. मायकेलने २०२४ मध्ये काकाचा विक्रम मागे टाकला आणि २०२५ अखेर त्याच्या नावावर ३३ विजय होते. या घराबद्दल बोलताना आमच्या गच्चीवर आवाज आपोआप खाली येतो.

एक गोष्ट नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या रस्त्यावर रात्री गाड्या दामटणाऱ्या पोरांसाठी. टीटीचा रस्ता बंद असतो. समोरून कुणाची आई भाजी घेऊन येत नसते, जागोजागी डॉक्टर असतात, वर हेलिकॉप्टर असतं. आणि स्वार त्या प्रत्येक वळणाचा वर्षानुवर्षं अभ्यास करून आलेला असतो. तरीही तो मरतो. चालू रस्त्यावर तुम्ही जे करता त्याला या खेळाचं नाव देऊ नका, आणि हे मी रागाने नाही, काळजीने सांगतो.

भारताचा एक धागाही या रस्त्यावर आहे. २००९ मध्ये तिथे पहिली विजेवरची शर्यत झाली, ती अग्नी नावाच्या संघाने जिंकली. त्या मोटरींचं नातं गुजरातशी होतं.

२०२५ च्या जूनमध्ये टीटीच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, सीनियर टीटी होती. वारा आणि पाऊस थांबेना, शर्यत पुढे ढकलत गेले आणि शेवटी रद्द केली. आम्ही दुपारपासून जमलो होतो, तर्री-पोहे खाऊन झाले होते. रद्द झाल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांची तोंडं पडली. थोड्या वेळाने आमच्यातला सगळ्यात वयस्कर भाऊ म्हणाला, "चला, आज सगळे घरी गेले." कुणी काही बोललं नाही. मोबाइल बंद केला आणि आम्ही चहा टाकला.