रचना सुचवणारा आणि सिद्धता तपासणारा

शाळेतली भूमितीची वही आठवा: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. सिद्धता सरावाने जमायची. गाडी अडायची ती रचनेपाशी, कारण आकृतीत नसलेली रेघ नेमकी कुठून काढायची हे कुठलाच नियम सांगत नाही.

संगणकाचंही तिथेच अडत होतं. तर्काच्या नियमांवर चालणारे प्रोग्राम दिलेल्या माहितीतून निष्कर्ष बिनचूक काढत, पण नवा बिंदू घ्यायची वेळ आली की पर्याय अगणित. उलट, भाषेच्या मॉडेलला, म्हणजे ढीगभर उदाहरणं पाहून पुढे काय येईल याचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला, सुचतं भरपूर, पण खरं आणि खोटं ते सारख्याच ठामपणे सांगतं. गूगल डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या अल्फाजिऑमेट्री या प्रणालीने २०२४च्या जानेवारीत या दोघांना एकत्र आणलं.

समद्विभुज त्रिकोण एबीसी घ्या. एबी आणि एसी समान आहेत, कोन बी आणि कोन सी समान दाखवायचे आहेत. समजा, तर्काचं इंजिन आहे त्या माहितीवर अडकलं. मॉडेल सुचवतं, बीसीचा मध्यबिंदू डी घ्या. आता एबीडी आणि एसीडी हे त्रिकोण बाबाबा कसोटीने एकरूप ठरतात आणि काम फत्ते होतं. सूचना फुकट गेली तर मॉडेल दुसरी देतं. त्यात वेळ जातो, पण चुकीची पायरी सिद्धतेत शिरत नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

मॉडेल शिकलं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. माणसांनी लिहिलेल्या सिद्धता त्याला दिल्याच नव्हत्या. संगणकाने वाटेल तशा आकृत्या काढल्या, तर्काच्या इंजिनाने त्यांतून निष्कर्ष काढले आणि अशी सुमारे १० कोटी उदाहरणं तयार झाली. म्हणजे सुचण्याची कला शिकवणाराही तर्कच! आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड या शाळकरी मुलांच्या स्पर्धेतल्या ३० भूमिती प्रश्नांपैकी २५ सुटले; आधीच्या सर्वोत्तम पद्धतीने १० सुटत.

त्याच वर्षी जुलैमध्ये, इंग्लंडमधल्या बाथ इथल्या ऑलिंपियाडचे ६ प्रश्न डीपमाइंडचीच दुसरी प्रणाली अल्फाप्रूफ आणि सुधारित अल्फाजिऑमेट्री यांना दिले गेले. ४ सुटले. ४२ पैकी २८ गुण, म्हणजे रौप्यपदकाची पातळी. सुवर्णाला २९ लागत होते. गणनशास्त्राचे (कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे मांडण्या आणि निवडी मोजण्याचं गणित) दोन्ही प्रश्न मात्र हुकले, आणि सुटलेल्यांपैकी काहींना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला.

अल्फाप्रूफ आपली सिद्धता 'लीन' या औपचारिक भाषेत लिहितं आणि तिची प्रत्येक पायरी यंत्र तपासतं. प्रश्न मात्र माणसांनी हाताने त्या भाषेत उतरवले होते. तिथे चूक झाली असती, तर भलत्याच प्रश्नाची बिनचूक सिद्धता हाती आली असती आणि तपासणाऱ्या यंत्राला त्याचा पत्ताही लागला नसता.