हार्नेसचे सहा पट्टे आणि त्यांचा क्रम: हौशी ट्रॅक कारच्या सीटमागची पार्श्वभूमी

आठवडाभर कचेरीला जाणारी आणि रविवारी ऑटोक्रॉसला (शंकूंमधून एकेकट्या गाडीची वेळेची स्पर्धा) किंवा ट्रॅक डेला (शर्यतीचा ट्रॅक हौशींना खुला असण्याचा दिवस) उतरणारी गाडी तयार करायला घेतली की, हौशी चालकाची पहिली खरेदी बहुधा बकेट सीटची, म्हणजे अंगाला बाजूंनी धरणाऱ्या खोलगट सीटची असते. त्यानंतर चार पट्ट्यांचा रंगीत हार्नेस, म्हणजे खांदे आणि कंबर सीटला जखडणारी पट्ट्यांची जोडणी येते, मग तो अडकवायला आडवी दांडी, आणि रोल बार (गाडी उलटल्यास डोके वाचवणारी लोखंडी नळीची कमान) किंवा मानेचे संरक्षक साधन पैसे उरले तर. मोटार शर्यतीत याच वस्तू आल्या त्या जवळजवळ नेमक्या उलट क्रमाने: आधी छताची किंवा डोक्यावरच्या आधाराची सोय, मग पट्टे, मग पट्ट्यांना पूरक पट्टे आणि शरीर सर्व बाजूंनी धरणारी सीट, आणि सर्वांत शेवटी मान. हा क्रम कोणी बसून आखलेला नव्हता. एका उपायाने जो धोका उघडा पडला त्यावर पुढचा उपाय शोधला गेला, आणि म्हणूनच मधली एखादी पायरी गाळून पुढची वस्तू बसवली की जुना धोका जसाच्या तसा परत येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरची सुमारे वीस वर्षे ग्रां प्री गाड्यांमधले बहुतेक चालक पट्टा लावत नसत. आज हे वेडेपणाचे वाटते, पण त्यांच्या बाजूने पाहिले तर हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. डोके गाडीच्या सर्वोच्च भागाच्याही वर, मागे आधार काही नाही, अंगाभोवती पत्र्याच्या टाक्यांत भरलेले पेट्रोल, अशा गाडीत बांधून घेतलेला माणूस गाडी उलटली तर चिरडला जाणार आणि पेटली तर अडकणार. त्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असे बहुतेकांचे मत होते. कार्टमध्ये आजही पट्टे नसतात, आणि कारण तेच आहे: डोक्यावर रोल बार नसलेल्या वाहनाला चालक बांधून ठेवण्यात शहाणपण नाही. कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर गाडी शिकलेला मुलगा पुढे बंद गाडीत बसतो, तेव्हा तो नकळत या दोन वेगवेगळ्या विचारसरणींच्या मधली सीमा ओलांडत असतो.

पट्ट्यांचा विचार मोटारीपेक्षा विमानांच्या बाजूने अधिक पद्धतशीर झाला. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी रुळांवर धावणाऱ्या रॉकेटच्या घसरगाडीत स्वतःला बांधून घेऊन मंदनाचे, म्हणजे वेग अचानक घटण्याचे प्रयोग केले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर त्यांची गाडी ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाला पोचली आणि दीड सेकंदाच्या आत थांबली. त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६.२ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले, पण ते जगले आणि सावरले. अठरा पटींच्या आसपास माणूस मरतो, असा समज त्याआधी रूढ होता. स्टॅप यांच्या प्रयोगांतून निघालेला निष्कर्ष शर्यतीच्या दृष्टीने मोलाचा ठरला: शरीर पक्के बांधलेले असेल, भार हाडांच्या मजबूत भागांवर पसरलेला असेल आणि बसण्याची जागा शाबूत राहिली, तर माणूस धडकेतून कल्पनेपलीकडे तगतो. हवाई दलाचे वैमानिक विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त दगावतात, हेही त्यांच्याच लक्षात आले आणि पुढे ते मोटारींच्या सुरक्षिततेकडे वळले.

रस्त्यावरच्या गाडीला १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंचा, म्हणजे गाडीला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा दिला. बोलिन हे त्याआधी साबमध्ये लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होते, आणि व्होल्वोने या पट्ट्याचे पेटंट इतर उत्पादकांना वापरू दिले. या पट्ट्याकडे ट्रॅकवरचे लोक थोडे तुच्छतेने पाहतात. तो एका हाताने लागतो, छाती आणि कंबर दोन्ही धरतो, आणि धडकेत धड किंचित पुढे वळू देतो. हा शेवटचा गुण दोष वाटतो खरा, पण मानेच्या संदर्भात त्याचे महत्त्व पुढे कळते.

फॉर्म्युला वनमध्ये डोक्यामागचा रोल बार १९६१ मध्ये सक्तीचा झाला, म्हणजे पट्टे सक्तीचे होण्याच्या तब्बल अकरा वर्षे आधी. मधल्या काळातली सर्वांत बोलकी घटना १९६६ च्या बेल्जियन ग्रां प्रीची आहे. स्पा ट्रॅकवर पहिल्याच फेरीत पाऊस कोसळत असताना चालक जॅकी स्टुअर्ट यांची गाडी रस्ता सोडून गेली आणि ते वाकलेल्या गाडीत स्टिअरिंग व्हीलखाली अडकून पेट्रोलमध्ये भिजत पडले. तिथेच घसरून थांबलेले सहस्पर्धक ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट यांनी एका प्रेक्षकाच्या गाडीतला पाना मागून घेतला, व्हील सोडवले आणि त्यांना बाहेर काढले. पट्टा नसलेला माणूस गाडीबाहेर फेकला जातो हे गृहीतकच इथे कोलमडले: फेकला न जाता तो आत अडकला. स्टुअर्ट यांनी त्यानंतर पट्टे, रुग्णवाहिका आणि कठडे यांसाठी जो आग्रह धरला, त्यामुळे आयोजकांत ते नावडते झाले. पण पट्ट्यांची आजची सक्ती बऱ्याच अंशी त्या आग्रहातून आली.

पट्टा आला तरी तो अर्धाच लावण्याची सवय टिकून होती, आणि तिची किंमत इटलीतल्या मोन्झा ट्रॅकवर कळली. ५ सप्टेंबर १९७० रोजी सरावाच्या वेळी पॅराबोलिका वळणाआधी ब्रेक लावताना चालक योखेन रिंट यांची लोटस ७२ गाडी कठड्यावर आदळली आणि तिचा पुढचा भाग उखडला गेला. रिंट यांनी खांद्याचे आणि कमरेचे पट्टे बांधले होते, मांड्यांमधून येणारे पट्टे मात्र लावले नव्हते; आग लागली तर पटकन बाहेर पडता यावे, हा त्यांचा हेतू. धडकेत शरीर पट्ट्यांखालून पुढे घसरले आणि बक्कल गळ्यापर्यंत गेले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. १९७२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये सहा बिंदूंचा हार्नेस सक्तीचा झाला.

हौशी चालकाने हा प्रसंग केवळ इतिहास म्हणून वाचू नये, कारण बाजारात सर्वाधिक खपणारा चार बिंदूंचा हार्नेस रिंट यांच्यासारख्याच अवस्थेत माणसाला बसवतो. खांद्याचे दोन पट्टे कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलात येऊन मिळतात. धडकेत छाती पुढे झेपावते, खांद्याचे पट्टे ताणले जातात आणि ते बक्कलाला वर ओढतात. कमरेचा पट्टा कटिहाडांवरून सरकून मऊ पोटावर चढतो आणि खालचे शरीर त्याखालून निसटते. मांड्यांमधून येणारा पाचवा पट्टा बक्कल खाली धरून ठेवतो. पाचाऐवजी सहा केले की तोच भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. यातून मार्ग म्हणून जर्मनीच्या श्रोथ कंपनीने चार बिंदूंच्या हार्नेसमध्ये एका खांद्याच्या पट्ट्यात शिवून ठेवलेली घडी दिली. धडकेत ती उसवते, एक खांदा थोडा पुढे जातो, आणि कमरेचा पट्टा जागेवर राहतो. म्हणजे बोलिन यांच्या पट्ट्यात जो वळण्याचा गुण होता, तो इथे मुद्दाम परत आणला गेला.

सीटचा प्रवास एवढा नाट्यमय नाही. श्टुटगार्टच्या रॉयटर कंपनीने पोर्श ३५६ ची बॉडी बांधली. तो व्यवसाय १९६३ मध्ये पोर्शने घेतल्यावर उरलेली कंपनी रेकारो या नावाने सीट बनवू लागली आणि १९६५ मध्ये तिने स्पोर्ट सीट बाजारात आणली. सुरुवातीला सीटचे काम चालकाला वळणावर धरणे एवढेच मानले जाई, जेणेकरून हात स्टिअरिंग फिरवायला मोकळे राहावेत आणि स्वतःला सावरायला वापरावे लागू नयेत. ऑटोक्रॉसमध्ये आजही सीटचा मुख्य उपयोग हाच आहे, हे मान्य करायला हरकत नाही. धडकेतली तिची भूमिका उशिरा समजली. सप्टेंबर २००५ मध्ये वेल्स रॅलीत पूझो ३०७ झाडावर बाजूने आदळून सहचालक मायकल पार्क दगावले, आणि बाजूच्या धडकेचा प्रश्न ऐरणीवर आला. एफआयए या जागतिक मोटार क्रीडा संघटनेच्या १९९९ च्या सीट मानकाच्या पुढचे, कितीतरी कठोर असे ८८६२-२००९ मानक त्यानंतर आले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेली सीट दिसायला आक्रमक वाटते म्हणून घेतली जाते. तिचे खरे काम मान आडवी झुकू न देणे हे आहे. तीच सीट रस्त्यावर चालवताना मात्र चौकात आडवे पाहता येत नाही, ही अडचण दुकानदार सहसा सांगत नाही.

मानेचा अध्याय सर्वांत उशिरा लिहिला गेला. पट्ट्यांनी धड जितके पक्के धरले, तितका डोके आणि हेल्मेट यांचा सगळा झोक मानेवर आणि कवटीच्या तळावर येऊ लागला. १९८१ मध्ये मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणीदरम्यान पॅट्रिक जाकमार दगावल्यावर अमेरिकी शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी आपले मेहुणे, मिशिगन स्टेट विद्यापीठातील जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड, यांच्यासमोर हा प्रश्न मांडला. हबर्ड यांनी खांद्यांवर बसणारी कॉलर बनवली; हार्नेसचे खांद्याचे पट्टे तिला दाबून धरतात आणि तिच्यापासून निघालेल्या दोऱ्या हेल्मेटला मागे धरतात. हेच ‘हान्स’. पहिली रचना अवजड होती, चालक तिला नाके मुरडत, आणि जवळजवळ वीस वर्षे ती मोजक्या लोकांपुरती राहिली.

मे ते ऑक्टोबर २००० या काळात अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या नास्कर संघटनेने ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन चालक गमावले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळले आणि कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेले. त्या तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली, जी प्रत्येक हौशी चालकाने स्वतःच्या गाडीत वाकून पाहण्यासारखी आहे. कमरेचा डावा पट्टा तुटलेला आढळला. पट्टा ज्या धातूच्या खाचेतून जातो, त्या खाचेत तो सरळ न राहता एका टोकाला गोळा झाला, सगळा भार त्याच्या एका कडेवर आला आणि तिथून तो फाटत गेला. अँकरची (पट्टा गाडीला जिथे जखडतात त्या भागाची) दिशा आणि पट्ट्याची ओढ एका रेषेत नसली की असे होते. महाग हार्नेस चुकीच्या कोनात बसवला, तर तो स्वस्त हार्नेसपेक्षा फारसा बरा ठरत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नास्करने मानेचे साधन सक्तीचे केले. फॉर्म्युला वनने २००३ मध्ये.

पट्ट्यांवरच्या मुदतीच्या चिठ्ठ्यांबद्दल हौशी मंडळींत कायम कुरकुर असते. अमेरिकेतील एसएफआय मानकाच्या हार्नेसची मुदत उत्पादनापासून दोन वर्षांची, एफआयएच्या हार्नेसची साधारण पाच वर्षांची. कापड ऊन आणि घामाने कमजोर होते हे खरे असले, तरी गॅरेजमध्ये उभ्या असणाऱ्या गाडीचा पट्टा आणि दर आठवड्याला शर्यतीत तापणारा पट्टा यांना एकच मुदत लावणे ढोबळ आहे. तरीही तपासनीस चिठ्ठी वाचतो, चालकाची सवय नव्हे. आणि चिठ्ठीच नसलेला, कोणत्या कापडाचा हे कोणालाच ठाऊक नसलेला ऑनलाइन हार्नेस घेण्यापेक्षा मुदतीची कटकट बरी.

रस्त्यावरही चालणाऱ्या ट्रॅक कारमध्ये हा सगळा इतिहास एकमेकांत अडकतो. फॅक्टरीच्या गाडीत पट्टा, एअरबॅग, मागे झुकणारी सीट आणि छत ही एकच जुळवलेली व्यवस्था असते. गाडी उलटून छत दबले, तर तीन बिंदूंच्या पट्ट्यात धड बाजूला कलू शकते. हार्नेसने ताठ बांधलेल्या माणसाला ती मुभा नसते, म्हणून रोल बारशिवाय हार्नेस हा १९५० च्या दशकातल्या चालकांनी नाकारलेलाच सौदा आहे. रोल बार बसवावा, तर रोजच्या प्रवासात हेल्मेट नसलेल्या डोक्यामागे लोखंडी नळी येते. सीट बदलली की तिच्यातली बाजूची एअरबॅग आणि सेन्सर जातात. शिवाय खांद्याचे पट्टे सीटच्या भोकांतून निघून मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. ते थेट गाडीच्या तळाला बांधले तर धडकेत तेच पट्टे पाठीचा कणा खाली दाबतात.

आपल्याकडे पुढच्या सीटचे पट्टे १९९४ मध्ये आणि मागच्या सीटचे २००२ मध्ये बंधनकारक झाले. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर किंवा रॅलीत धावलेल्या जुन्या एस्टीम आणि ८०० यांच्यात पट्ट्यापलीकडे गमावण्यासारखे फारसे नव्हते, त्यामुळे तेव्हाच्या मेकॅनिकचा सल्ला सरळ होता: सगळे काढा आणि केज, म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा टाका. तोच सल्ला आज सहा एअरबॅगच्या हॅचबॅकला लागू करणे ठीक नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही.

मधल्या वाटेवरच्या गाड्यांसाठी अलीकडे छातीला स्वतःचे पट्टे असलेली मानेची साधनेही निघाली आहेत, ज्यांतली काही तीन बिंदूंच्या पट्ट्यासोबत वापरता येतात. ऑटोक्रॉसचा प्रश्न मात्र यापेक्षा सोपा आहे. मोकळ्या मैदानावर शंकू मांडलेले, एका वेळी मार्गावर एकच गाडी, वेग बहुधा दुसऱ्या गियरपुरता. अमेरिकेत एससीसीए या क्लबच्या सोलो नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये फॅक्टरीचा पट्टा चालतो. तिथले कितीतरी मुरलेले स्पर्धक सीट थोडी मागे घेतात, पट्टा झटक्यात ओढून अडकवतात आणि मग सीट पुढे सरकवतात, म्हणजे कंबर घट्ट धरली जाते. उरलेले पैसे ते टायरवर घालतात.