वातरक्त

वातरक्त : रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याच्या सोडियम क्षाराचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचल्यामुळे होणारा दाहक विकार. मराठीत त्याला 'गाऊट' असेही म्हणतात. इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या शेजारामुळे 'गठिया' हा शब्द रुळला आहे. पण गठिया म्हणजे कोणतेही सांधेदुखणे. 'संधिवात' आणि 'आमवात' हे शब्दही तितक्याच सैलपणे वापरले जातात. ही सरमिसळ निरुपद्रवी नाही. पहिल्या झटक्यात रोग्याला शेक मिळतो, लेप मिळतो की नेमके औषध मिळते, हे पुष्कळदा घरात उच्चारलेल्या या पहिल्या नावावर ठरते.

नाव आणि प्राचीनता : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २९ वा अध्याय या रोगावर आहे. तेथे त्याला वातशोणित म्हटले असून खुड, वातबलास व आढ्यवात हे पर्याय दिले आहेत. 'आढ्य' म्हणजे धनवान. अध्यायाचा काळ सांगणे अवघड आहे. चिकित्सास्थानातील १७ अध्याय संहिता नंतर पुरी करणाऱ्या दृढबलाने पुरवले. ते नेमके कोणते याबद्दल मतभेद असले, तरी टीकाकार चक्रपाणिदत्ताने मूळचे मानलेल्या १३ अध्यायांत वातरक्ताचा समावेश नाही. दृढबलाचा काळ सामान्यतः इ.स. चौथे-पाचवे शतक धरतात. त्यामुळे अध्यायाचे आजचे रूप बहुधा त्या सुमाराचे असावे. त्यातील आशय अर्थातच अधिक जुना असू शकतो.

चरकसंहिता त्वचा व मांस यांच्या आश्रयाने राहणारे 'उत्तान' आणि आत खोल गेलेले 'गंभीर' असे दोन प्रकार मानते. सुश्रुतसंहितेला हे मान्य नाही. तिच्या मते रोग कुष्ठाप्रमाणे आधी वरवरचा असतो आणि कालांतराने खोल जातो, म्हणून प्रकार दोन नव्हेत, अवस्था दोन. आजच्या निरीक्षणांशी सुश्रुताचे म्हणणे अधिक जुळते : सुरुवातीला सुट्या झटक्यांचा असलेला विकार उपचाराविना राहिला, तर वर्षांनंतर त्वचेखाली खडूसारख्या गाठी धरतो आणि हाडे पोखरतो. पायाच्या मुळाशी, क्वचित हाताशी सुरू होऊन उंदराच्या विषासारखे देहभर पसरणारे, हे सुश्रुताचे वर्णनही लक्षात राहते.

वातरक्त म्हणजेच आजचा गाऊट काय, यावर एकमत नाही. खाज, त्वचा काळवंडणे, फोड येणे ही संहितांतील लक्षणे गाऊटमध्ये सहसा नसतात. ती रक्तवाहिन्यांच्या विकारांकडे बोट दाखवतात. उलट सुकुमार शरीर, चालण्याची सवय नसणे, मद्य, मांस व पायापासून आरंभ ही चौकट गाऊटचीच आहे. संहिताकारांनी एका नावाखाली एकाहून अधिक रोग पाहिले आणि त्यांपैकी प्रमुख गाऊट होता, असे मानणे सयुक्तिक वाटते. आमवात मात्र निश्चित वेगळा. त्याचे स्वतंत्र वर्णन माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथात आहे.

युनानी वैद्यकात या रोगाला निक्रिस म्हणतात व त्यावर सुरंजान देतात. सुरंजान म्हणजे कोल्चिकम वर्गातील वनस्पतींचा कंद. १८२० मध्ये पेलेत्ये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी कोल्चिकममधून वेगळे केलेले द्रव्यच आजचे कोल्चिसिन. तेच द्रव्य माळव्यात कलिहारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांतही असते. तिचा कंद घरी उगाळून पोटात घेण्याचा प्रयोग कोणीही करू नये. मात्रा थोडी चुकली तरी उलट्या-जुलाब, अस्थिमज्जेचा ऱ्हास व मृत्यू संभवतो.

रोगाचे स्वरूप : युरिक आम्ल हे प्युरिनांच्या, म्हणजे पेशींत व अन्नात असणाऱ्या एका प्रकारच्या संयुगांच्या, विघटनाचे अंतिम द्रव्य. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे मोडणारे विकर (एन्झाइम) असते, माणसात नाही. रक्तात त्याची पातळी सुमारे ६.८ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या वर गेली की स्फटिक बनू शकतात. रोग्याच्या रक्तातील वाढलेले युरिक आम्ल गॅरड या इंग्रज वैद्याने १८४८ मध्ये दाखवले. सांध्यातील द्रवात हे स्फटिक ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने मॅकार्टी व हॉलंडर यांनी १९६१ मध्ये ओळखले. निदानाची सर्वांत भरवशाची कसोटी आजही तीच.

पहिला झटका : तो बहुधा मध्यरात्री येतो, निम्म्याहून अधिक वेळा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी. सांधा लालभडक, तप्त व टम्म होतो. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. वेदना २४ तासांच्या आत शिगेला पोहोचते आणि औषध न घेताही आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. ही ओसरण्याची सवयच फसवी आहे. पाय मुरगळला असेल, चप्पल लागली असेल, अशी समजूत होते आणि रोगाचे नावच पडत नाही. स्त्रियांत हा विकार प्रायः रजोनिवृत्तीनंतर दिसतो, त्यामुळे घरातील आजीच्या सुजलेल्या अंगठ्याकडे तर अधिकच दुर्लक्ष होते.

झटक्याच्या दिवसांत रक्तातील युरिक आम्ल साधारण पातळीवरही आढळते. अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून रोग नाही असे ठरत नाही. तपासणी दोन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. सोबत थंडी-ताप असेल तर सांध्यातील जंतुसंसर्गाची शंका त्याच दिवशी फेडून घेणे अत्यावश्यक आहे, कारण त्यात उशीर झाल्यास सांधा जातो.

उपचार : पाय उशीवर उंच ठेवणे, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ लावणे, पाणी पुरेसे पिणे. सवयीने दिला जाणारा गरम शेक आणि तेलाचे मालीश या सांध्याला सोसत नाही. औषध जितके लवकर तितका गुण. कोल्चिसिन झटका सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत १ मि.ग्रॅ. व त्यानंतर तासाभराने ०.५ मि.ग्रॅ. देतात. जुलाब लागेपर्यंत गोळ्या देत राहण्याची जुनी पद्धत मागे पडली, कारण कमी मात्रेचा गुण तितकाच येतो. नेप्रॉक्सेनसारखी दाहशामके चालतात, पण मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना ती घातक. त्यांना व इतर काहींना अल्प मुदतीची स्टेरॉइडे देतात, मधुमेह असल्यास साखरेवर नजर ठेवून. हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिनची लहान गोळी युरिक आम्ल किंचित वाढवते, तरी ती परस्पर बंद करू नये.

युरिक आम्ल उतरवणारे ॲलोप्युरिनॉल १९६६ पासून वापरात आहे. एलियन व हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक ज्या औषधसंशोधनासाठी मिळाले त्यात त्याचा अंतर्भाव होतो. ते पहिल्याच झटक्यानंतर सुरू करावे का, यावर मार्गदर्शिका भिन्न आहेत. २०१६ ची युरोपीय मार्गदर्शिका पहिल्या निदानापासूनच त्याचा विचार रोग्यापुढे ठेवायला सांगते. २०२० ची अमेरिकी मार्गदर्शिका एरवी थांबायला सांगते. मूत्रपिंडाचा मध्यम वा तीव्र विकार, मुतखडा किंवा युरिक आम्लाची ९ हून अधिक पातळी असल्यास मात्र सुरुवात करावी असे तिचे मत. दुसरा झटका अनेकांना वर्षभरातच येतो हे पाहता युरोपीय भूमिका रोग्याच्या अधिक हिताची दिसते. सुरुवात १०० मि.ग्रॅ. किंवा कमी मात्रेने करून पातळी ६ च्या खाली आणतात. आरंभीच्या महिन्यांत झटके उलट वाढू शकतात. त्यासाठी तीन ते सहा महिने कोल्चिसिन जोडीला देतात. हे आधी न सांगितल्यामुळे औषध बाधले असे समजून ते सोडणारे रोगी बरेच असतात.

आहार : इंदूरात पहिला प्रश्न वरणाचा आणि सोयाबीनचा निघतो. माळवा हा सोयाबीनचा मुलूख, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्रही १९८७ मध्ये येथेच स्थापन झाले. सुमारे ४७,००० अमेरिकी पुरुषांवर १२ वर्षे चाललेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस व समुद्री मासे यांनी धोका वाढला, प्युरिनयुक्त भाज्यांनी वाढला नाही, दुधाने उलट घटला. तूरडाळीचे वरण, सोयाबीन, पालक सोडण्यास त्यामुळे आधार उरत नाही. बिअर आणि साखर मात्र खरोखर आवरायला हवी. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो व ते युरिक आम्ल वाढवते. म्हणून सकाळच्या पोह्यांना दोष नाही, त्यांच्या जोडीच्या जिलबीला आहे.