उंच किकचा बचाव : पार्श्वभूमी

शुक्रवारी रात्री आठला सिडनीत सामना सुरू होतो तेव्हा गोव्यात, फोंड्यात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. रग्बी लीग बघणारी इथली मोजकी मुलं त्या वेळी फोन घेऊन बसतात आणि संध्याकाळी मैदानावर येऊन एकच प्रश्न विचारतात. बॉम्ब (आभाळात मारलेली उंच किक) उडाला, बचावाचे दोघे आपल्या फुलबॅककडे, म्हणजे सर्वांत मागे उभं राहून किक झेलणाऱ्याकडे, मागे धावले, त्यांनी कुणाला हातसुद्धा लावला नाही, मग पेनल्टी कसली? उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जायची मात्र गरज नाही. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी मूळ रग्बीपासून (आजची रग्बी युनियन) वेगळी चूल मांडली, १८९७ मध्ये लाइन-आउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकण्याची पद्धत, गेला, १९०६ मध्ये संघ तेरा जणांचा झाला. त्यानंतर साठ वर्षं टॅकलना (चेंडूवाल्याला पकडून थांबवणं) मर्यादा नव्हती. चेंडू हातात आहे तोवर तो लाथाडून समोरच्याला देण्यात फारसा अर्थ नव्हता. सिडनीच्या एका क्लबाने १९५६ ते १९६६ अशी सलग ११ विजेतेपदं मिळवली ती याच जुन्या नियमात. १९६६ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये चार टॅकलची मर्यादा आली, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात. १९७१-७२ पर्यंत दोन्हीकडे चाराचे सहा झाले.

तरीही मोजणी संपली की स्क्रम (दोन्ही संघांनी खांदे भिडवून चेंडूसाठी रेटणं) व्हायचा आणि त्यात चेंडू परत मिळण्याची आशा असायची. १९८३ मध्ये ती आशा संपली. सहाव्या टॅकलला पकडला गेलात तर चेंडू जिथल्या तिथे समोरच्याच्या हाती. मग पाचव्या टॅकलनंतर किक मारणं ठरूनच गेलं, आणि जी गोष्ट प्रत्येक वेळी होणार हे ठाऊक असतं तिचा बचाव आधीपासून रचता येतो. आजच्या बचावाची सुरुवात मी इथून धरतो.

बॉम्ब तोवर रुळला होता. सत्तरच्या दशकात आलेली ही उंच किक ऐंशीच्या सुरुवातीला इतक्या ट्राय (गोलरेषेपार चेंडू टेकवून मिळणारे गुण) मिळवून देऊ लागली की नियम बदलावा लागला. बचाव करणाऱ्याने इन-गोलमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, ती वरच्या वर झेलली तर त्याच्या संघाला २० मीटरच्या रेषेवरून नवा डाव, म्हणजे नव्याने मोजलेले टॅकल, मिळू लागला. फुलबॅक गोलरेषेच्या मागे उभे राहू लागले. किक मारणाऱ्यांनी लगेच उंची तीच ठेवून लांबी कमी केली. चेंडू रेषेच्या दोन-तीन पावलं अलीकडे पडेल असा. तिथे झेलणाऱ्याला पुढे यावंच लागतं, आणि पुढून चार जण धावत येत असतात. जमिनीलगतच्या ग्रबरचं दुखणं वेगळं. तो इन-गोलमध्ये उचलला आणि तिथेच पकडला गेलात तर ड्रॉप-आउट (गोलरेषेवरून चेंडू समोर लाथाडून देणं), म्हणजे चेंडू बहुधा पुन्हा त्यांच्याकडे. म्हणून ग्रबर उचलणारा पाठ वळवून, काहीही करून रेषेबाहेर मैदानात यायला धडपडतो. त्या दीड मीटरची किंमत एक अख्खा डाव असते.

१९९३ मध्ये प्रत्येक टॅकलनंतर बचावाची रांग ५ ऐवजी १० मीटर मागे गेली आणि किक मारणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळाली. त्याच्यावर दबाव टाकायचं काम मार्करवर (टॅकल झालेल्याच्या अगदी समोर उभा राहणारा बचावपटू) आणि रांगेतल्या आतल्या दोघांवर आलं. माझ्या मते उंच किकचा अर्धा बचाव त्यांच्याच पायांत असतो. किक मारणाऱ्याला घाईने, तोल सांभाळत मारावी लागली तर चेंडू उंच जात नाही, आणि तो उंच गेला नाही तर पाठलाग करणारे वेळेत पोचत नाहीत. फक्त चेंडू पायावरून सुटल्यावर त्याला धडक देता येत नाही. दिली तर चेंडू पडतो तिथे पेनल्टी.

१९९७ मध्ये ४०-२० आला. आपल्या ४० मीटरच्या मागून मारलेली किक टप्पा खाऊन समोरच्याच्या २० मीटरच्या आत बाहेर गेली तर चेंडू मारणाऱ्या संघाकडेच. विंगरना, म्हणजे दोन्ही कडांच्या खेळाडूंना, चौथ्या टॅकलपासूनच मागे सरकावं लागलं आणि पुढची रांग दोघांनी पातळ झाली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला २०-४० ची (आपल्या २० मीटरच्या मागून समोरच्याच्या ४० च्या आत) जोड दिली. दरम्यान २०१४ मध्ये, किक थेट डेड-बॉल रेषेपार (इन-गोलच्या मागची हद्द) गेली तर बचावाला सात टॅकल मिळू लागले. चपळ फुलबॅकच्या हाती चेंडू पडू नये म्हणून मुद्दाम तो मैदानाबाहेर घालवण्याची युक्ती त्यामुळे महाग पडू लागली. किक आत पडणं भाग झालं, आणि हवेतली झटापट वाढली.

मग तो वादाचा शब्द आला : एस्कॉर्ट. हा मैदानावरचा शब्द. नियमाची भाषा अडथळ्याची आहे. चेंडू नसलेल्या खेळाडूला जाणूनबुजून अडवायचं नाही, एवढंच. समालोचक मात्र या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात. एक, बचावपटू झेलणाऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो, कारण चेंडू हातावर आपटून मागे आला तर तो उचलायला कुणीतरी हवं. दोन, तो आपल्या सरळ वाटेने मागे धावतो आणि पाठलाग करणाऱ्याला त्याला वळसा घालावा लागतो. तीन, तो मान वळवून पाठलाग करणारा कुठे आहे ते बघतो आणि आपली वाट बदलून त्याच्यासमोर येतो. पहिलं उघड उघड योग्य, तिसरं उघड उघड चूक. भांडण दुसऱ्याचं.

वर्षानुवर्षं पंचांनी दुसऱ्याकडे, आणि खरं तर तिसऱ्याकडेही, कानाडोळा केला. मग २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात हंगाम चालू असताना शिट्ट्या कडक झाल्या. प्रशिक्षकांनी तक्रारी केल्या, कारण जे करायला खेळाडूंना शिकवलं होतं तेच एका आठवड्यात गुन्हा ठरलं. बचावपटू बाजूला झाले आणि झेलणारा एकटा पडला.

पाठलाग करणाऱ्यांची बाजू मला कळते. मोकळ्या वाटेने धावून चेंडूसाठी उडी मारण्याचा त्यांचा हक्क आहे. पण झेलणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याची नजर आभाळात, पाय जवळपास जागेवर. समोरचा वीस मीटर धावत आलेला, त्यामुळे त्याची उडी नेहमी उंच. हवेत असताना झेलणाऱ्याला टॅकल करता येत नाही हे खरं, पण चेंडूसाठी म्हणून उडी मारलेल्या शंभर किलोच्या माणसाचा गुडघा त्या नियमाने अडत नाही. सरळ वाटेने मागे येणारा साथीदार ही त्याची एकमेव ढाल होती. नियम कडक करायचाच होता तर तो हंगामाआधी, तिन्ही गोष्टी वेगळ्या करून करायला हवा होता. तसा न केल्याची किंमत झेलणाऱ्यांनी मोजली.

म्हणून मुलांना उत्तर असं : हात लागण्याशी पेनल्टीचा संबंध नाही, वाट बदलण्याशी आहे. पुन्हा बघताना त्या दोघांच्या मानेकडे बघा.

गोव्यात रग्बी आली ती युनियनच्या वाटेने; २०२३ च्या इथल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही सात जणांची रग्बीच होती. त्यातून आलेली मुलं झेलतानाच ‘मार्क’ ओरडतात, म्हणजे खेळ थांबवून फ्री किक मागतात. लीगमध्ये मार्क नाही; ओरडून होईपर्यंत अंगावर दोघे असतात. फुटबॉलमधून आलेल्यांची सवय आणखी खोल. कापणी झालेल्या शेतात गोलकीपर म्हणून वाढलेल्या मुलाला उंच चेंडूचा अंदाज उपजत असतो, पण त्याचे हात डोक्यावर जातात आणि सुटलेला चेंडू पुढे पडतो. तो नॉक-ऑन, म्हणजे चूक. जूनमध्ये, तांबड्या चिखलात, चेंडू साबणासारखा झालेला असताना त्याला तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा कराव्या लागतात : कोपरं जवळ घेऊन छातीशी पाळणा करायचा, पुढचा गुडघा वर घ्यायचा आणि अंग तिरकं ठेवायचं, म्हणजे चेंडू सुटलाच तर आपल्या बाजूला, मागे पडतो. मागे उभा असलेला साथीदार त्यासाठीच असतो.