ग्रुप टूर की आपलं आपण? युरोपचं तिकीट काढण्याआधी वाचा

दिवाळी उरकली की आमच्या कार्यालयात एकच प्रश्न यायला लागतो : "युरोपला ग्रुपबरोबर जावं की आमचं आम्ही?" प्रश्न रास्त आहे आणि त्यावर तासभर बोलायला आम्हाला आवडतं. पण विचारणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये तोवर विमानाचं तिकीट येऊन पडलेलं असतं. ऑफर होती, रात्री बारापर्यंतच होती, म्हणून काढून टाकलं. मग आम्हाला सांगावं लागतं की तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या तिकिटानेच देऊन टाकलंय. म्हणून हे पत्रक.

तिकीट आधी काढलं तर अडतं कुठे?

शेंगेन व्हिसा एकच आणि चालतो युरोपातल्या २९ देशांत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे आपल्या मर्जीवर नसतं. सहलीत ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज जातो. रात्री सारख्या झाल्या, तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. म्हणजे उतरायचं कुठे, परत कुठून निघायचं आणि मधल्या रात्री कुठे काढायच्या, यावर सगळी मदार. आणि तिकीट काढताना आपण नेमकं हेच बांधून टाकतो.

गेल्या मोसमातली गोष्ट. एका जोडप्याने मिलानला उतरून पॅरिसहून परतायचं स्वस्त तिकीट काढलं होतं, रद्द केलं तर एक रुपयाही परत न मिळणारं. इटलीत ४ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ४, पॅरिसला ३. बरोबरी झाली आणि प्रवेश मिलानमधून, म्हणून अर्ज इटलीकडे. त्यांच्या तारखांना पुरेल अशी इटलीची एकही अपॉइंटमेंट शिल्लक नव्हती. स्वित्झर्लंडची होती. शेवटी इटलीतली एक रात्र काढून स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला टाकावी लागली आणि त्यात व्हेनिस गेलं. काकूंना खरं तर व्हेनिसच बघायचं होतं. हॉटेलं, कव्हरिंग लेटर, दिवसवार आराखडा, सगळं नव्याने केलं. तेच जोडपं तिकिटाच्या आधी आलं असतं तर हे काम एका बैठकीत झालं असतं, आणि व्हेनिसही राहिलं असतं.

अशा वेळी काही जण सुचवतात, "कागदावर एक दाखवू, तिकडे गेल्यावर आपल्याला हवं तसं फिरू." आम्ही हे करत नाही, आणि कुणाला करूही देत नाही. विमानतळावरचा अधिकारी राहण्याची कागदपत्रं मागू शकतो आणि दिलेला व्हिसा रद्दही होऊ शकतो. पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचं उत्तर देत बसावं लागतं. आम्ही "अडून बसतो" अशी आमच्याबद्दल तक्रार असते, ती या एका बाबतीत खरी आहे.

तारखांचंही गणित आहे. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण शंका निघाली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. मे महिन्यात जायचं असेल तर मार्चअखेरीस जागे होणाऱ्यांचे हाल होतात, कारण शाळांना सुट्टी सगळ्यांच्याच मुलांना असते. मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा आणि २ कोरी पानं असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचा.

आता मूळ प्रश्न.

ग्रुपबद्दल सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे घाई. "पंधरा मिनिटं जास्त थांबले असते तर काय बिघडलं असतं?" हे आम्ही प्रत्येक सहलीनंतर ऐकतो, म्हणून त्याचं कारण नीट सांगतो. युरोपात बसच्या ड्रायव्हरला कायद्याने दिवसात ९ तासच गाडी चालवता येते. आठवड्यातून दोनदा १० तासांची सवलत आहे. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दोन दिवसांच्या मध्ये साधारणपणे सलग ११ तास विश्रांती. गाडीतलं यंत्र हे सगळं नोंदवतं. त्यात मागेपुढे झालं की दंड होतो, म्हणून कोणताही ड्रायव्हर तुमच्या-माझ्या विनंतीने ऐकत नाही, आणि ऐकूही नये. चाळीस माणसांचा जीव त्याच्या हातात असतो. सकाळी नाश्त्याला अर्धा तास उशीर झाला की तो अर्धा तास संध्याकाळच्या एखाद्या ठिकाणातून जातो. टूर मॅनेजर घड्याळ दाखवतो तेव्हा तो तुमचंच शेवटचं ठिकाण वाचवत असतो.

दुसरी तक्रार, हॉटेल गावाबाहेर असतं. खरं आहे. जुन्या शहरांच्या मध्यभागी मोठ्या बसला येऊच देत नाहीत, इटलीत तर बरीच शहरं अशी आहेत. संध्याकाळी हॉटेलवर पोचल्यावर खाली उतरून गल्लीत भटकायची ज्यांना ओढ आहे, त्यांना ग्रुपमध्ये चुकल्यासारखं वाटतं. हे आम्ही बुकिंगच्या आधीच सांगतो.

मग ग्रुपमध्ये मिळतं काय? भाषेची चिंता नाही, रात्री वरण-भात किंवा निदान ओळखीची भाजी, आणि काही बिनसलं तर धावणारा माणूस. हे शेवटचं लोक गृहीत धरतात. पासपोर्ट हरवला, कुणाला चक्कर आली, तर अनोळखी शहरात रात्री नऊ वाजता फोन कुणाला करायचा, याचं उत्तर तिथे तयार असतं. साठीच्या पुढचे, पहिल्यांदाच परदेशी निघालेले, जैन जेवण पाळणारे आणि एकट्याने निघालेल्या बायका यांना आम्ही आधी ग्रुपच सुचवतो. आमची स्वतःची टूर वर्षातून दोनदाच निघते, मे आणि सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरमध्ये गर्दी उतरलेली असते. शाळेची अडचण नसलेल्यांनी तोच महिना धरावा असं मी मनापासून सांगेन.

आपलं आपण जायचं असेल तर पहिला देश स्वित्झर्लंड घ्या. तिथल्या रेल्वेच्या भरवशावर कुणीही फिरू शकतं. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो; त्यात रेल्वे, बस, बोटी, ५०० हून अधिक संग्रहालयं, शिवाय रिगी डोंगरही. पण "पास आहे म्हणजे सगळं फुकट" असं समजू नका. युंगफ्राऊयोखला, म्हणजे डोंगरावर ३,४५४ मीटर उंचीवर असलेल्या रेल्वे स्टेशनला, पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो. पुढे २५ टक्के सवलत, बाकीचे पैसे वेगळे मोजायचे. टिटलिस डोंगरावर जायला निम्मे. आईवडिलांबरोबरची ६ वर्षांपासून सोळावा वाढदिवस होईपर्यंतची मुलं फॅमिली कार्डावर मोफत फिरतात, आणि चौघांच्या कुटुंबाचा हिशेब इथेच ग्रुपपेक्षा स्वस्त पडू लागतो.

पॅरिस आणि रोमला मात्र वाराची वही ठेवा. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकीच्या रविवारी बंद. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी खुली होतात आणि उन्हाळ्यात भराभर संपतात. आणि सामान! स्टेशनांचे जिने चढताना तुमची बॅग तुम्हालाच उचलायची असते. २३ किलोची बॅग घरी दोन जिने चढवून बघा, मग ठरवा.

ग्रुपही नको आणि एकट्याची जबाबदारीही नको, अशांसाठी आम्ही तिसरी सोय करतो : रात्री, हॉटेलं, पास, तिकिटं आणि व्हिसाची फाइल आमच्याकडे, फिरणं तुमचं. अडलं तर फोन आमचा. याचं नियोजन शुल्क आम्ही सुरुवातीलाच घेतो आणि बुकिंग आमच्याकडे झालं की ते बिलातून वजा करतो. पूर्वी घेत नव्हतो. पण चार-चार बैठका घेऊन तयार केलेला आराखडा बाहेर जाऊन कुठल्याशा संकेतस्थळावर बुक व्हायचा, आणि बिघडलं की फोन मात्र आम्हालाच. पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापला जाणारा कर, हा आमचा नफा नाही. तो सरकारजमा होतो, तुमच्या पॅनवर दिसतो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा.

कार्यालयात येताना सगळ्यांचे पासपोर्ट, जुने असतील तर तेही, आणि एक साधा कागद घेऊन या. कागदावर देश लिहू नका, रात्री लिहा : कुठल्या गावात किती. काय बघितल्याशिवाय परत यायचं नाही, ते त्याच्याखाली लिहा. ऑफर दिसली तर तिचा फोटो काढून आम्हाला पाठवा, आम्ही त्याच दिवशी सांगू की ती तुमच्या रात्रींना बसते की नाही. पैसे त्यानंतर भरा.