साबणाच्या पैशावरचे रंगमंदिर : ‘लक्स रेडिओ थिएटर’

लीव्हर ब्रदर्स कंपनीने १४ ऑक्टोबर १९३४ रोजी न्यूयॉर्कहून ‘लक्स रेडिओ थिएटर’ हा रेडिओवरचा नाट्यकार्यक्रम सुरू केला तो आपला लक्स साबण खपावा म्हणून. दर आठवड्याला नवे कथानक, नवे नट आणि तासाभरात पडदा, असा त्याचा साचा होता. सुरुवातीला ब्रॉडवेवरची, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरची, नाटके सादर होत. पण श्रोत्यांना ओढ होती ती रुपेरी पडद्यावरच्या नटनट्यांची आणि ती मंडळी राहत होती कॅलिफोर्नियात. त्यामुळे १९३६च्या जूनमध्ये कार्यक्रमाने आपले बिऱ्हाड हॉलिवूडला हलवले, मार्लिन डीट्रिच आणि क्लार्क गेबल यांना घेऊन तिथला पहिला प्रयोग केला आणि सूत्रधार म्हणून दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल यांना आणले.

तेव्हापासून चित्रपटांची श्राव्य रूपांतरे हेच कार्यक्रमाचे मुख्य भांडवल ठरले. सोमवारी रात्री, प्रेक्षकांनी भरलेल्या सभागृहात, मोठमोठे तारे हातात संहितेचे कागद घेऊन मायक्रोफोनपुढे उभे राहत. प्रक्षेपण थेट असल्याने शब्द अडखळला तर तो देशभर अडखळलेलाच ऐकू जाई. अंक संपला की साबणाची जाहिरात येई. (याच साबणाच्या जाहिरातीत १९४१ साली आपल्या लीला चिटणीस झळकल्या, तेव्हा ‘ताऱ्यांचा साबण’ ही युक्ती अमेरिकेत चांगलीच मुरलेली होती.)

डिमिल यांची गच्छंती मात्र अवघ्या एका डॉलरवरून झाली. कामगार संघटनेचे सदस्यत्व नोकरीसाठी सक्तीचे असू नये, असा प्रस्ताव १९४४ साली कॅलिफोर्नियात मतदानाला आला होता. त्याला विरोध करण्यासाठी रेडिओ कलावंतांच्या संघटनेने प्रत्येक सभासदाकडून एक डॉलर मागितला. प्रस्तावाच्या बाजूचे असलेल्या डिमिल यांनी तो देण्यास साफ नकार दिला आणि १९४५च्या जानेवारीत वर्षाकाठी लाखभर डॉलरच्या घरातले काम सोडले. त्यांच्या जागी पुढे विल्यम कीली आले. डिमिल न्यायालयातही गेले. पण १९४७ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही संघटनेचीच बाजू उचलून धरली.

पुढे १९५० साली सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणी जाळ्यावर अर्ध्या तासाचे ‘लक्स व्हिडिओ थिएटर’ सुरू झाले. १९५४ साली ते एनबीसी या दुसऱ्या जाळ्याकडे गेले, तासाभराचे झाले आणि रेडिओवरच्या थोरल्या भावंडाप्रमाणेच चित्रपटांची रूपांतरे करू लागले. थोरल्याचा आवाज १९५५च्या जूनमध्ये थांबला. धाकट्याने १९५७ साली गाशा गुंडाळला.