बायबल अभ्यास आणि संतांच्या ग्रंथांचं वाचन: बैठक दिसायला एकच, काम वेगळं

पुण्यात कॅम्प, घोरपडी, वडगाव शेरी अशा भागांत ख्रिस्ती कुटुंबांतले लोक आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी दहा-बारा जण जमतात. गीत होतं, प्रार्थना होते, पुस्तक उघडलं जातं, शेवटी चहा येतो. शेजारी म्हणतात, "त्यांच्याकडे बायबल स्टडी असते." बहुतेक ठिकाणी ती तीच असते. पण उघडलेलं पुस्तक ख्रिस्ती संतांपैकी कुणाचं असेल, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' हे आत्मकथन किंवा पंधराव्या शतकातले मठवासी थॉमस ए केम्पिस यांचं 'इमिटेशन ऑफ ख्राइस्ट', तर बैठकीचं कामच बदलतं. ते लक्षात आलं नाही की दोन्हीकडून गैरसमज होतात. बाहेरचे म्हणतात, ही मंडळी वचन, म्हणजे बायबल, सोडून माणसांच्या पुस्तकांमागे लागली. आतल्यांना वाटतं, आपण बायबल अभ्यासच करतोय, फक्त पुस्तक बदललंय.

बायबल अभ्यास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बायबलमधलं करिंथकरांस पत्र घेतलं तर पौलाने ते कुणाला लिहिलं, तिथे कसली भांडणं चालली होती, मागचापुढचा संदर्भ काय, हे आधी पाहायचं आणि मग ते आपल्याला लावायचं. कुणीतरी तयारी करून आलेलं असतं. अर्थावरून वाद होतात, पण ज्या मजकुरावरून होतात त्याचा अधिकार खोलीतल्या प्रत्येकाने मान्य केलेला असतो.

संतांच्या ग्रंथांना तो अधिकार नाही, आणि त्यांच्या लेखकांनी तो मागितलेलाही नाही. इथे आपण आपल्या आधी त्याच वाटेने गेलेल्या माणसासोबत बसतो. तो खूप पुढे गेलेला असेल, तरी एखाद्या ठिकाणी त्याचं म्हणणं आपल्याला लागू पडणार नाही, आणि तसं म्हणण्याची मोकळीक या बैठकीत हवीच. थॉमस एकांत आणि मौनाबद्दल लिहितात तेव्हा माणसांत गेल्याने माणूस कसा उणा होऊन परततो, हे एका जुन्या उक्तीच्या आधाराने सांगतात. मठात राहणाऱ्याला ते पटेल. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे आणि मुलं सांभाळणारी बाई ते ऐकून गप्प बसली, तर तिला कुणीतरी विचारायला हवं, "तुम्हाला काय वाटतं?" मग पुढच्या आठवड्यात ब्रदर लॉरेन्स वाचावेत. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात राबलेला हा साधा बंधू. त्याचे संवाद आणि पत्रं त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे 1691 नंतर, पुस्तकरूपाने आली. भांड्यांच्या खडखडाटात, चार जण एकाच वेळी चार गोष्टी मागत असतानाही आपण गुडघे टेकून प्रार्थना करताना असतो तितकेच देवापाशी शांत असतो, असं तो सांगतो. ही दोन माणसं एकमेकांना छेद देतात, आणि त्या ओढाताणीतून होणारं बोलणं फार मोलाचं असतं.

हा भेद आजकालचा नाही. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टने मठवासींसाठी लिहिलेल्या नियमावलीत, बेचाळिसाव्या प्रकरणात, रात्रीच्या सामूहिक वाचनाचा नियम आहे. सगळे एकत्र बसतील आणि एक जण कॅसियन या मठवासी लेखकाचे संवाद किंवा वाळवंटातल्या जुन्या साधकांची चरित्रं मोठ्याने वाचेल. बायबलची पहिली सात पुस्तकं किंवा राजांची पुस्तकं मात्र त्या वेळी नकोत, कारण कच्च्या मनांना ती तेव्हा पेलणार नाहीत. ती दुसऱ्या वेळी वाचावीत. म्हणजे शास्त्र बाजूला पडत नव्हतं, दोन वाचनांच्या वेळा वेगळ्या होत्या.

वचन सुटेल या काळजीचं उत्तर मला 'कन्फेशन्स'च्या आठव्या भागात मिळतं. मिलानमध्ये एक ओळखीचा माणूस ऑगस्टीनला वाळवंटात एकांतात राहिलेल्या संत अँथनीबद्दल आणि ते चरित्र वाचून चाकरी सोडणाऱ्या दोन राजसेवकांबद्दल सांगतो. ऑगस्टीन त्याने मुळापासून हलतो. पण ख्रिस्ताकडे वळण्याचा निर्णय होतो तो पुढे, बागेत, रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायातल्या ओळी वाचल्यावर. माणसाच्या कहाणीने त्याला वचनापर्यंत आणून सोडलं. आपल्या जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन 1890 साली मुंबईहून पुण्यात आलं. पण 1907 साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कहाणीत, त्या लिहितात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. त्या जाणिवेत हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या आत्मकथनाचा वाटा होता. त्याला पडलेला प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला. याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी उरलेलं आयुष्य घातलं. त्यांचं भाषांतर अभ्यासाच्या बैठकीत घ्यावं, त्यांची साक्ष या दुसऱ्या बैठकीत.

घोटाळा झाला की दोन प्रकारे बिघडतं. एक, "थॉमस म्हणतात" हे वाक्य वचनासारखं वापरून समोरच्याचं तोंड बंद केलं जातं. दोन, प्रश्नपत्रिका येते: या परिच्छेदातले तीन मुद्दे कोणते? ऑगस्टीनचं पुस्तक सुरुवातीपासून देवाशी बोलत लिहिलेली प्रार्थना आहे; तिचे मुद्दे काढले की हाती काही उरत नाही. इथे एक पान सावकाश, मोठ्याने वाचावं, थोडा वेळ गप्प राहावं आणि मग बोलावं. बहुतेक आवृत्त्या इंग्रजीत असतात, म्हणून एकाने परिच्छेद वाचून दुसऱ्याने तो आपल्या मराठीत सांगितलेला बरा. सांगताना काय कळलं नाही तेही कळतं.

पुण्यातल्या गटात बहुधा कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे (सीएनआय) आणि मेथडिस्ट हे प्रॉटेस्टंट, असे सगळेच असतात. बायबलच्या पुस्तकांची संख्यासुद्धा त्यांच्यात वेगळी: कॅथलिकांची 73, प्रॉटेस्टंटांची 66. थॉमस मात्र दोन्हींकडे वाचले गेले. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनीच 1735 साली त्यांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. सुरुवात 'इमिटेशन'च्या दुसऱ्या भागाने करावी. बाराच छोटी प्रकरणं आहेत, आठवड्याला एक घेतलं तर तीन महिन्यांत होतात. चौथा भाग प्रभुभोजनाबद्दल आहे आणि अनेक प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत तो गाळलेला असतो, म्हणून मिश्र गटाने तो घेण्याआधी सगळ्यांना विचारावं. एक बायबल जवळ ठेवावं. थॉमस यांच्या ओळींत वचनं विणलेली आहेत. ओळखीचं काही आलं की उघडून मूळ वाचावं. त्या वचनावर चर्चा लांबू लागली तर ते टिपून ठेवावं आणि बायबल अभ्यासाच्या दिवशी घ्यावं.